रूपाचा रोजगार आणि पाहणाऱ्याचा हिशेब

फॅशनच्या रॅम्पवर चालणाऱ्या मुलीविषयी आपल्या मंडळ्यांत बोलणे निघाले, की ते फार लवकर संपते. नट्टापट्टा, अंगप्रदर्शन आणि पैशाचा मोह, एवढे म्हटले की निकाल लागतो. असा निकाल देणे सोपे असते, कारण जिच्याविषयी तो द्यायचा ती झगझगीत उजेडात उभी असते. परंतु त्या दालनात आणखीही माणसे असतात. ती अंधारात, खुर्च्यांवर बसलेली असतात : कपडे विकणारे, विकत घेणारे, छायाचित्रे काढणारे आणि नुसते पाहणारे. रॅम्पवरच्या मुलीचा बांधा केवढा असावा, हे त्यांच्या पसंतीवर ठरते. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत तो प्रश्न असा : एखाद्याचे रूप हेच त्याचे काम होते, तेव्हा त्या कामातल्या बऱ्यावाईटाचा हिशेब कोणी द्यायचा? केवळ दिसणाऱ्याने, की पाहणाऱ्यानेही?

हिशेब मांडण्यापूर्वी काम समजून घेतले पाहिजे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ ह्या मूळ इंग्रज शिंप्याने १८५८ साली पॅरिस शहरात आपली पेढी काढली. त्याने तयार केलेले पोशाख त्याची पत्नी मारी व्हेर्ने अंगावर घालून गिऱ्हाइकांस दाखवीत असे. आजच्या मॉडेलच्या व्यवसायाची सुरुवात पुष्कळ लेखक तिच्यापासून धरतात. त्यापूर्वी नव्या तऱ्हेचे कपडे बाहुल्यांवर चढवून दाखवीत. फ्रेंच भाषेत मॉडेलला 'मानकँ' म्हणतात. 'छोटा माणूस' अशा अर्थाच्या एका डच शब्दापासून तो आला आहे, आणि दुकानातल्या पुतळ्यालाही हाच शब्द आहे. जिवंत बाईला पुतळ्याचे नाव मिळाले, ह्यातच ह्या धंद्याच्या पुढच्या सुखदुःखाचे बीज आहे असे आम्हास वाटते.

ह्या कामात काही चांगले नाहीच असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कापडाचा घोळ वळताना कसा उलगडतो, बाही कशी बसते, हे काही सेकंदांच्या चालीत दाखविणे हे कौशल्य आहे, आणि ते सरावाने येते. काहींना ह्या कामाने मोठा पैसा, प्रवास आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ दिले. आजच्या दक्षिण सुदानातील अलेक वेक ही मुलगी यादवीतून जीव वाचवून १९९१ साली ब्रिटनला आली. १९९५ साली लंडनमधील एका बाजारात एका एजन्सीच्या माणसाने तिला हेरले, आणि पुढे तिच्या गडद काळ्या वर्णाला जगभरच्या रॅम्पवर मान मिळाला. काळी म्हणून हिणविल्या गेलेल्या किती मुलींनी तिच्याकडे पाहून आरशासमोर मान वर केली असेल!

ह्या धंद्यात पडूनही हसता यावे लागते. १९९३ साली पॅरिसमध्ये व्हिव्हियन वेस्टवुड ह्यांच्या शोमध्ये नेओमी कॅम्पबेल वीतभर उंचीच्या बुटांवरून रॅम्पवरच कोसळल्या. हसल्या, उठल्या आणि पुढे चालू लागल्या. ते बूट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवलेले आहेत. परंतु नाव झालेल्या बाईचे पडणे संग्रहालयात जाते. नाव न झालेल्या शेकडो मुलींचे पडणे कोणी पाहतही नाही.

त्या पडण्यापैकी एक पैशाचे आहे. अॅशली मियर्स ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी स्वतः न्यूयॉर्क व लंडन येथे मॉडेलचे काम करून २०११ साली 'प्राइसिंग ब्यूटी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखविले आहे की ज्या कामाला मान मोठा, त्याला दाम बहुधा थोडा. नामांकित मासिकासाठी दिवसभर उभे राहून हाती किरकोळ रक्कम येते, आणि ज्याला कोणी विचारीत नाही अशा साध्या कॅटलॉगच्या कामातून घरभाडे निघते. शिवाय छायाचित्रांचा, विमानाचा, राहण्याचा खर्च एजन्सी आधी करते आणि मुलीच्या खात्यावर मांडते. त्यामुळे कित्येक मुली काम करीत असूनही एजन्सीच्या कर्जात असतात. आपल्याकडील सावकाराची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे पडणे शरीराचे आहे. शोसाठीचे नमुन्याचे कपडे आधीच एका ठराविक, लहान मापात शिवलेले असतात. एरवी शिंपी अंगाप्रमाणे कपडा बेततो. येथे कपड्याप्रमाणे अंग बेतावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वे देशातील लुइसेल रामोस ही २२ वर्षांची मुलगी माँटेव्हिडिओ येथील शोमध्ये रॅम्पवरून उतरली आणि हृदय बंद पडून तेथेच गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आना कॅरोलिना रेस्टन ही ब्राझीलची २१ वर्षांची मॉडेल उपासमारीच्या आजाराने मरण पावली. फेब्रुवारी २००७ मध्ये रामोसची धाकटी बहीण एलियाना, तीही मॉडेलच, अवघ्या १८ व्या वर्षी वारली.

ह्या सुमारास काही ठिकाणी लोक जागे झाले. माद्रिद शहराच्या फॅशन सप्ताहाने सप्टेंबर २००६ मध्ये नियम केला की उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक १८ पेक्षा कमी असेल, तर त्या मुलीस रॅम्पवर घ्यावयाचे नाही. सोप्या भाषेत सांगायचे, तर पाच फूट नऊ इंच उंचीच्या मुलीचे वजन निदान ५५ किलो तरी असावे. पुढे इस्राएलने २०१२ साली तसा कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला सक्तीचा झाला, आणि नियम मोडणाऱ्या मालकास दंड व कैद दोन्ही होऊ शकतात. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने एजन्सीच्या दलालीवर २० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामागे स्वतः मॉडेलांनी चालविलेल्या संघटनेची अनेक वर्षांची खटपट होती.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. 'ती स्वतःच्या पायांनी गेली ना? कोणी बळजबरी केली होती काय?' आक्षेपात तथ्य आहे. माणूस आपल्या निवडीला जबाबदार असतो, आणि ही जबाबदारी काढून घेतली तर त्याची माणुसकीही आपण काढून घेतो. परंतु एकाच्या निवडीने दुसऱ्याची जबाबदारी फिटत नाही. गिरणीत कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर 'तू स्वतः नोकरी मागायला आला होतास' असे म्हणून मालकाला सुटता येत नाही. आणि पंधरासोळा वर्षांच्या, परक्या देशात, कर्जात असलेल्या मुलीने 'हो' म्हटले, तर त्या होकाराचे वजन किती धरावे? जो माप ठरवितो, त्याने त्या मापाचा जाब द्यावा. आणि ज्याच्या पसंतीसाठी ते माप ठरते, तो पाहणाराही त्यातून अगदी सुटत नाही.

आपल्या देशातही हा हिशेब कसा एका बाजूला झुकतो ते दिसून आले आहे. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण ही दोन मराठी मॉडेल विवस्त्र दिसली आणि मुंबईत अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो १४ वर्षे चालला आणि २००९ साली आरोपी निर्दोष सुटले. ती जाहिरात योग्य होती असे आम्ही म्हणत नाही. खटल्यात जाहिरात करणारे व छापणारेही होते. पण लोकांच्या तोंडी नावे राहिली ती त्या दोघांचीच. जाहिरात कोणी योजिली, कोणी छापली आणि किती लाख डोळ्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, ह्याची आठवण कोणास आहे?

पवित्र शास्त्रात शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडण्यास गेला, तो प्रसंग आपण रविवार शाळेत दरवर्षी शिकवितो. थोरल्या अलीयाबाची उंची व रूप पाहून संदेष्ट्यासारखा माणूसही फसला. ह्या कथेतून रूप वाईट असते असा धडा काढण्याची आपल्याला सवय आहे. परंतु त्याच कथेत, निवडला गेलेला दावीद दिसायला सुंदर होता हेही लेखकाने मोकळेपणाने नोंदविले आहे. म्हणजे रूपाला तेथे दोष दिलेला नाही. दोष आहे तो रूपाची मोजपट्टी घेऊन माणूस मोजण्यात. आणि ती मोजपट्टी अलीयाबाच्या हाती नव्हती, पाहणाऱ्याच्या हाती होती.

मग पॅरिस आणि मुंबई दूर राहू द्या, आपल्या हातातील मोजपट्टी पाहू. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात 'जरा चालून दाखव' असे म्हणण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होती. तो रॅम्पच होता. फक्त दिवे नव्हते, आणि चालणारीला मोबदलाही नव्हता. 'गोरी, उंच, सडपातळ' हे शब्द वधू पाहिजेच्या जाहिरातीत आपण आजही बिनदिक्कत लिहितो. नाताळच्या नाटकात मरीयेचे किंवा देवदूताचे काम कोणत्या मुलीला मिळते, आणि सावळी, जाडसर मुलगी मेंढपाळांच्या मागच्या रांगेत का उभी असते, ह्याचा शिक्षकांनी एकदा विचार करावा. सहा वर्षांच्या मुलीला आपले माप तेथे प्रथम कळते. पुढे कोणी एजन्सीवाला तिच्याभोवती टेप धरतो, तेव्हा तिला त्यात नवल वाटत नाही.

आमच्या मते मंडळीला तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. मुलांसमोर कोणाच्याही रंगावरून व अंगावरून शेरा मारू नये, कौतुकाचासुद्धा. कारण कौतुकही मापच असते. नाटकातील कामे चिठ्ठ्या टाकून किंवा पाठांतरावरून द्यावीत. आणि मंडळीतील एखादी मुलगी किंवा मुलगा ह्या धंद्यात जाऊ म्हणेल, तेव्हा दार लावून घेऊ नये. करार वाचून दाखवावा, खर्च कोणाच्या खात्यावर मांडला जाणार ते विचारावे, जेवतेस ना, झोपतेस ना, हे फोन करून पुसावे. ज्याला घरी परतण्याचा रस्ता मोकळा असतो, त्यालाच नको त्या कामाला 'नाही' म्हणण्याचे धैर्य येते.

निकाल देण्याची आपल्याला घाई असते. तो ज्याच्यावर द्यायचा तो उजेडात असतो, आणि आपण नसतो. पण अंधारातल्या खुर्चीवर बसलेल्यालाही आपला हिशेब द्यावाच लागणार आहे.