विचार नवा आहे, पण खरा आहे का?

पेत्र आणि इतर प्रेषितांना यहुदी न्यायसभेपुढे उभे केले, तेव्हा सभेतील अनेकांना त्यांचा जीव घ्यायचा होता. त्या वेळी गमलियेल नावाचे शास्त्री उठले. हे काम माणसांचे असेल तर टिकणार नाही आणि देवाचे असेल तर तुम्हाला थांबवता येणार नाही, तेव्हा यांना सोडा, असे त्यांनी सुचवले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५). गमलियेल प्रेषितांच्या बाजूचे नव्हते. तरीही त्या विचाराला त्यांनी वेळ दिला.

मग प्रत्येक चाकोरीबाहेरच्या विचाराला असाच वेळ द्यावा काय? कुणी सांगतो, हा काढा घ्या आणि इन्सुलिन बंद करा. कुणी जगाच्या अंताची तारीख मोबाईलवर पाठवतो. शंका काढली, की उत्तर मिळते, ‘गॅलिलिओचेही कुणी ऐकले नव्हते!’ पण ज्यांचे कुणी ऐकले नाही, ते सारेच गॅलिलिओ नव्हते. लोकांचा विरोध हा खोटेपणाचा पुरावा नाही, तसाच खरेपणाचाही नाही.

बेल्जियमचे धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांचे उदाहरण पाहा. विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ साली मांडले. गणित बरोबर आहे, पण कल्पना पटत नाही, असे खुद्द आइन्स्टाइन म्हणाले. लमेत्र यांचे गणित मात्र सर्वांपुढे उघडे होते. दुर्बिणीतून मिळणाऱ्या माहितीशी ते कुणालाही ताडून पाहता येत होते. १९२९ साली हबल यांची निरीक्षणे आली आणि पुढे आइन्स्टाइन यांनीही प्रसरण मान्य केले. विश्वाचा आरंभ एका ‘आदिअणू’तून झाला, हा लमेत्र यांचा १९३१ चा विचार तर आणखी धाडसी होता. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी अशा संशोधनाचा संबंध देवाच्या निर्मितीशी जोडला. लमेत्र यांना ते रुचले नाही. विज्ञानाचा सिद्धांत विज्ञानानेच तपासावा, श्रद्धेचा टेकू त्याला नको, ही त्यांची भूमिका होती. आरंभीच्या त्या तप्त अवस्थेची खूण म्हणून अवकाशातील किरणोत्सर्गाचा शोध १९६५ साली जाहीर झाला. १९६६ साली लमेत्र देवाघरी गेले. त्याआधी ही बातमी त्यांच्या कानी पोहोचली होती.

नवा विचार ऐकताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा: सांगणारा तो तपासू देतो का, की प्रश्न विचारला म्हणून रागावतो?

दुसरा प्रश्न: विचार चुकला तर किंमत कोण मोजणार? आदिअणूची कल्पना चुकली असती, तर कुणाचा जीव गेला नसता. काढा चुकला तर विकणारा सुखरूप राहतो, रुग्ण दगावतो. तिथे गमलियेलसारखी वाट पाहत बसणे योग्य नाही. इन्सुलिन चालू ठेवून आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा: मला विचार नको आहे, की तो सांगणारा माणूस नको आहे? न्यायसभेच्या दृष्टीने पेत्र हा न शिकलेला कोळी होता. आपल्या धर्मग्रामाच्या सभेत एखादा तरुण किंवा एखादी भगिनी काही नवे सुचवते, तेव्हा ‘आपल्याकडे असे कधी झाले नाही’ एवढे म्हणून आपण विषय संपवतो. ते खरेही असेल, पण ते उत्तर नव्हे. खर्च किती, लाभ कुणाला, जमले नाही तर मागे घेता येईल का, हे विचारून मग हवे तर नाही म्हणावे. ऐकून घेतल्यावर दिलेला नकारही न्याय्य असतो.