जामीन कोणाचा?

या पावसाळ्यात वाशिम तालुक्यातील एक बौद्ध तरुण आमच्याकडे आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळमिल बसवावी, गावची तूर गावातच भरडावी, असा त्याचा बेत. कर्ज साडेचार लाखांचे. लहान उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावले. त्याच्याकडे तारण मागितले गेलेही नाही. “एखादा वजनदार जामीनदार आणा,” एवढेच सांगण्यात आले.

“फादर, माझ्या ओळखीत पगारदार माणूसच नाही,” तो म्हणाला.

यात सारे आले. सधन घरच्या मुलास जामीनदार शोधावा लागत नाही; चुलता, मामा, सोसायटीचा अध्यक्ष घरातच असतो. पैशाच्या आधी नात्यांचे भांडवल लागते, आणि ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांना सरकारी योजना अर्ध्या वाटेपर्यंतच नेते. २०१६ ते २०२५ या काळातील ‘स्टँड अप इंडिया’ योजनेनुसार प्रत्येक बँकशाखेने अनुसूचित जाती-जमातींतील किमान एका उद्योजकास दहा लाख ते एक कोटीचे कर्ज द्यावयाचे होते. हेतू उत्तम, परंतु प्रकल्पाचा किमान दहावा हिस्सा अर्जदाराने स्वतः उभा करायचा होता. तो कोठून? मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संस्था उभी राहिली, तिचे महत्त्व आम्हांस त्या दिवशी नीट उमगले.

मग आम्ही सही का केली नाही? धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील २८५ वा नियम धर्मगुरूला, वरिष्ठांशी विचारविनिमय केल्यावाचून, स्वतःच्या मालमत्तेवरही जामीन राहू देत नाही. नियम शहाणपणाचा आहे. नीतिसूत्रांचे पुस्तकही जामीनकीपासून वारंवार सावध करते. उलट सिराखचा ग्रंथ शेजाऱ्यासाठी जामीन राहणाऱ्यास सज्जन म्हणतो, आणि त्याच अध्यायात जामीनकीने धुळीस मिळालेल्यांचीही आठवण देतो. शास्त्र येथे आपली सोपी सुटका करीत नाही. दान दिले की आपण मोकळे होतो. जामीन राहिलो की दुसऱ्याचे अपयश आपल्या दारी येते. म्हणूनच आपल्याला दान अधिक आवडते की काय, अशी शंका येते.

रविवारी मिस्सानंतर आम्ही विषय काढला. पहिला प्रश्न आला, “फादर, तो आपल्यातला आहे का?”

१९५० च्या राष्ट्रपती-आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींत गणले जात नाहीत. ‘तुम्ही यात बसत नाही’ हे ऐकून आपण ७५ वर्षे दुखावलो आहोत. तेच माप आपल्या हाती इतक्या सहज यावे, याची आम्हांस लाज वाटली.

सोमवारी एक निवृत्त शिक्षक पेन्शनचे पासबुक घेऊन सपत्नीक आले. गुरुजींची तयारी होती. बाईंनी विचारले, “फादर, यांच्या माघारी हे देणे माझ्यावर येईल का?” गुरुजींच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसुली होऊ शकते, हे आम्ही लपविले नाही. दोघांनी पुढच्या रविवारपर्यंत वेळ मागितला आहे. तूर निघण्यास अजून अवकाश आहे.