दीड मिनिटाचा प्रश्न

नोकरीत होतो तेव्हा मला कधी घाई नसे. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापली जायची. हिशोब ठरलेला होता, आणि ठरलेल्या हिशोबाची भीती फार दिवस टिकत नाही. घाई सुरू झाली ती निवृत्तीनंतर. आता कुठेही माझी कुणी वाट पाहत नसते, त्यामुळे वेळेवर पोचलेच पाहिजे असे मला सारखे वाटत राहते. आमची ही म्हणते, "भाजी आणायला निघालाय की गाडी पकडायला?" पण बायकोच्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे द्यायची नसतात. दिली तर भाजी राहते.

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून स्टेशनच्या चौकापर्यंत बरोबर दोन किलोमीटरचा रस्ता आहे. मध्ये एक शाळा, एक मारुतीचे देऊळ, फुलवाल्या मावशींचे टपरीवजा दुकान आणि एक गोल पाटी. पाटीला लाल कड आणि मध्ये आकडा ३०. ही पाटी तिथे किती वर्षे होती कोण जाणे, कुणाचेच तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. कारण पूर्वी ते काम खड्डे करत. खड्ड्यांना शिपाई लागत नाही, शिट्टी लागत नाही, आणि ते ओळखीच्या माणसालाही सोडत नाहीत.

मग एका उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला, डांबरी झाला आणि इतका गुळगुळीत झाला, की पहिले चार दिवस लोक त्यावरून नुसते पाहायला चालत जात होते. पाचव्या दिवसापासून चालणे अवघड झाले. त्यानंतर कुठूनसा कॅमेरा आला आणि लोकांच्या मोबाइलवर दंडाच्या पावत्या येऊ लागल्या. सोसायटीत असंतोष पसरला. पाणी दोन दिवस आले नव्हते तेव्हाही एवढा पसरला नव्हता.

गच्चीवर सभा भरली. विषय एकच : वेगमर्यादा तीसवरून पन्नास करावी असा अर्ज द्यायचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अमुक एका रस्त्यापुरती मर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, तेव्हा कमी करता येते तशी उठवताही येत असणार, असे चौथ्या मजल्यावरच्या सीएंनी सांगितले. अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. माझे मराठी चांगले आहे असा सोसायटीत समज आहे. लिफ्टमधली 'कृपया' ही पाटी माझीच.

सीएंनी मला मुद्दे दिले. माणूस हिशोबाचा पक्का. म्हणाले, "हे बघा, दोन किलोमीटरला तीसच्या वेगाने लागतात चार मिनिटं. पन्नासने दोन मिनिटं चोवीस सेकंद. म्हणजे माणशी एक मिनिट छत्तीस सेकंद वाचले. रोज दोन हजार गाड्या धरा. झाले त्रेपन्न तास! वर्षाचे एकोणीस हजारांवर गेले की हो!"

मला एकदम आपण गरीब असल्यासारखे वाटले. एवढे तास आमच्या दारावरून रोज वाहून जातात आणि आपण साधी बादलीसुद्धा लावली नाही!

"पण अपघात वाढले तर?" मी विचारले. अर्जात सगळ्या बाजू घ्याव्यात, असे मला शाळेत शिकवले होते.

"तोही हिशोब केलाय," सीए शांतपणे म्हणाले. "माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं धरलं तर होतात सहा लाख तेरा हजार तास. आपण ते साडेएकतीस वर्षांत वाचवतो. तेव्हा साडेएकतीस वर्षांत एखाददुसरं काही झालं तरी जमाखर्च बरोबर."

ऐकताना कुठेतरी खटकले. पण चूक सापडेना. आणि खरे सांगायचे तर असा हिशोब आपण सगळेच करतो, फक्त सीएंसारखा तोंडाने बोलून दाखवत नाही. इंग्लंडात १८६५ साली एक कायदा झाला होता. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीने गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैलांच्या वर जायचे नाही, आणि गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे. आमच्याकडे वरातीत बँडवाले चालतात तसा. १८९६ साली लोकांना ते हास्यास्पद वाटले आणि मर्यादा चौदा मैलांपर्यंत वाढवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. गाडी चालवणाऱ्याचे म्हणणे, वेग चार मैलच होता. म्हणजे माझ्या सकाळच्या फिरण्याइतका. तेव्हा पूर्ण बिनधोक वेग असा नसतोच. तरी आपण निशाणवाला परत बोलावत नाही. तीस चालेल म्हणतो, दहा नको म्हणतो. म्हणजे कुठेतरी आपणही जमाखर्च मांडलेलाच असतो.

अशी मनाची समजूत घालून मी अर्ज लिहिला. फार सुंदर उतरला. 'गतिमान युगाची हाक' असे शब्द त्यात होते.

सह्या गोळा करायला निघालो त्या दिवशी नेमकी स्कूटर मेकॅनिककडे होती. ती का होती ते पुढे सांगतो. पायीच निघालो. पलीकडच्या बाजूला जायचे म्हणून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, आणि उभाच राहिलो. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात पेन. एक पाय पुढे टाकायचा, मोटार अंगावर आली की मागे घ्यायचा. समोरून फुलवाल्या मावशी ओरडल्या, "भाऊ, शाळा सुटंस्तवर थांबा! पोरांसंगं सोडतील, एकट्याला न्हाई सोडायचे!" सात मिनिटांनी मी शाळेच्या पोरांच्या घोळक्यातून, एका दुसरीतल्या मुलीने हात धरल्यामुळे, पलीकडे पोचलो. सीएंच्या हिशोबात ही सात मिनिटे कुठे धरली होती ते मला आठवेना.

त्या दिवशी मला माझ्या स्वभावाविषयी एक शोध लागला. वेगाविषयीचे माझे मत मी बसलो आहे की उभा आहे यावर अवलंबून असते. सीटवर बसलो की रस्ता ओलांडणारे लोक मला बेशिस्त वाटतात. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो की गाडीवाले राक्षस वाटतात. आता ज्या मताला बसायला खुर्ची लागते, त्याला तत्त्व म्हणावे का?

मावशींपुढे अर्ज ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, निदान वाचल्यासारखे केले. मग मी तोंडी हिशोब सांगितला. साडेएकतीस वर्षे वगैरे. त्या हार गुंफता गुंफता म्हणाल्या, "आन् त्यो एक कोन?"

"कोण म्हणजे?"

"तुम्हीच म्हनता न्हवं, एखाददुसरं व्हील म्हनून. त्यो कोन? त्याची सही घेतली का?"

मी हसलो, पण पेन खिशात ठेवले. खटकत होते ते हेच. हिशोबात तो माणूस बिननावाचा होता, म्हणून हिशोब जुळत होता. अर्जाच्या खाली 'अमक्या इमारतीतली तमकी, इयत्ता दुसरी' असे लिहिले असते तर सीएंनीसुद्धा सही केली नसती; तो माणूस मुळात चांगला आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही जेवलो आहोत. आणि दुसरी गोष्ट अशी, की दीड मिनिट वाचणार सीएंचे आणि माझे, जाणार मात्र तिसऱ्याच्याच पदरचे. स्वतःच्या खिशातले पैसे घालून जुगार खेळणारा निदान जुगारी तरी असतो.

तळमजल्यावरचे नाना निवृत्त ओव्हरसियर. आयुष्य रस्ते बांधण्यात गेले. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "कागद काढ. तीसच्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटर जाते. पोर आडवं आलं की तुझ्या डोक्यातून पायापर्यंत निरोप पोचायला एक सेकंद धर. मग ब्रेक, आणखी पाच मीटर. तेरा-साडेतेरा मीटरवर गाडी उभी. आता पन्नास. सेकंदाला चौदा मीटर. म्हणजे तीसवाला जिथे थांबलाय, तिथे पन्नासवाल्याचा पाय ब्रेकवर पोचायचा आहे."

मी दोनदा ताळा करून पाहिला. बरोबर होता.

"आणि पन्नासचा धक्का म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं," नाना म्हणाले. "तीसचा म्हणजे पहिल्या मजल्यावरून. हात मोडेल, माणूस उरेल. २०२० साली स्टॉकहोमला जगातले मंत्री जमले होते, त्यांनीही वस्तीतल्या रस्त्यांना तीसच धरलं ते उगाच नव्हे."

"पण नाना, लोक तर पन्नासनेच जातात. मग पाटी खोटी कशाला ठेवायची?"

"हेही इंजिनियर लोक करतात. शंभरातले पंच्याऐंशी ज्या वेगाच्या आत जातात तीच मर्यादा धरायची. मोकळ्या हमरस्त्यावर ठीक आहे. शाळेपाशी ते म्हणजे पंच्याऐंशी पोरं कॉपी करतात म्हणून पेपर पुस्तक उघडून द्यायचा."

आता स्कूटरचे. ही गोष्ट मी हिलासुद्धा सांगितलेली नाही. तिला सांगितले की वाळूवरून घसरलो. अर्ज लिहिला त्याच संध्याकाळी, गतिमान युगाची हाक डोक्यात घोळवत, मी शाळेवरून पंचेचाळीसच्या वेगाने येत होतो. एक चेंडू रस्त्यावर आला. चेंडूमागे काय येते हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी दोन्ही ब्रेक दाबले, स्कूटर आडवी झाली, मी तिच्याबरोबर फरफटत गेलो आणि त्या पोरापासून हातभर अंतरावर थांबलो. हातभरच. पोराने चेंडू उचलला. माझ्याकडे पाहिले. आणि विचारले, "काका, लागलं का तुम्हाला?"

मला कोपरावर खरचटले होते. मी म्हणालो, "नाही रे." मग बराच वेळ तिथेच फुटपाथवर बसून होतो. त्या दिवशी मी पाच मिनिटे लवकर घराबाहेर पडलो होतो आणि मला कुठेही जायचे नव्हते.

सभेत अर्ज वाचला तो मीच. टाळ्या पडल्या. मग विरोधात हात वर केला तोही मीच. असे आमच्या सोसायटीच्या इतिहासात पूर्वी झालेले नाही. कारण विचारले तेव्हा चेंडूचे सांगायचे ठरवून आलो होतो. पण समोर ही बसली होती, म्हणून नानांचे साडेतेरा मीटर सांगितले. खरे बोलायला माणसाला कधी कधी दुसऱ्याचे आकडे लागतात. सीए म्हणाले, "मग तीसच का? वीस का नको?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. एवढेच म्हणालो, की कुठे थांबायचे हे मला नक्की ठाऊक नाही, पण पोराच्या अलीकडे थांबता यावे. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. आमच्याकडे तहकूब म्हणजे दीर्घायुषी.

हल्ली मी त्या रस्त्यावरून तीसने जातो. मागचे हॉर्न वाजवतात, बाजूने जाताना माझ्या वयाचा उल्लेख करतात. स्टेशनच्या चौकात लाल सिग्नलला ते सगळे मला पुन्हा भेटतात. वाचवलेले दीड मिनिट तिथेच उभ्याने खर्च करत असतात.

अर्ज अजून कपाटात आहे. फाडवत नाही. मराठी खरोखरच फार सुंदर उतरले आहे.