पिकअपच्या तुलनेत न्याय कोणाला?

अमेरिकेत 1977 पासून सर्वाधिक खपणारा पिकअप म्हणजे फोर्डची एफ-मालिका. शेव्हरोले सिल्व्हेराडो, जीएमसी सिएरा, रॅम 1500 आणि टोयोटा टुंड्रा हे तिचे प्रतिस्पर्धी. 'फुल-साइझ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या तिथे शेतावर आणि बांधकामावर राबतात, आणि लाखो घरांत कुटुंबाची मुख्य गाडीही त्याच असतात. चार दारांची, चारही चाकांना ताकद देणारी चांगली गाडी घ्यायची तर आयुष्यातल्या मोठ्या खर्चांपैकी तो एक. त्यामुळे मोटारविषयक मासिके तीन-चार गाड्या एकत्र आणून तुलना करतात तेव्हा वाचक त्या निकालाकडे गांभीर्याने पाहतो, आणि निकाल लागला की हरलेल्या गाडीचे चाहते म्हणतात, 'तुलना बरोबरीची नव्हतीच.'

ही तक्रार हट्टापोटी येते असे म्हणून सोडून देऊ नये. तिच्यात बहुतेक वेळा तथ्य असते. बरोबरी म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. इंजिन सारख्या आकाराचे घ्यायचे की किंमत सारखी ठेवायची? की प्रत्येक कंपनीने आपली सर्वोत्तम गाडी आणायची? या तिन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. फोर्डचे साडेतीन लिटरचे दोन टर्बोंचे व्ही-6 आणि शेव्हरोलेचे 5.3 लिटरचे व्ही-8 यांत आकाराची बरोबरी शोधणे व्यर्थ आहे. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन गाड्यांतही फरक असतो. हेमी इंजिनाची रॅम 3.21 च्या एक्सल रेशोत मिळत असे आणि 3.92 च्याही. मोठा रेशो असला की चाकाशी जोर अधिक मिळतो, ट्रेलर सहज ओढला जातो, पण महामार्गावर इंजिन जास्त फेरे घेते आणि पेट्रोल जास्त लागते. म्हणजे कोणत्या रेशोची गाडी चाचणीला आली यावरच अर्धा निकाल ठरला. आणि मासिकाला गाडी बहुधा कंपनीच पुरवते.

ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेबाबत तर बराच काळ कसलाच धरबंध नव्हता. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजून आकडा जाहीर करी. मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने 2008 मध्ये जे-2807 हे प्रमाण ठरवले. त्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावरची. बुलहेड सिटीहून निघणारा हा चढ 11.4 मैलांचा, म्हणजे अठरा किलोमीटरांहून थोडा जास्त. पायथ्याशी तापमान किमान 100 अंश फॅरनहाइट हवे, एसी पूर्ण चालू हवा, आणि मागे पूर्ण भाराचा ट्रेलर असताना वेग ताशी 40 मैलांखाली जाता कामा नये. टोयोटाने हे प्रमाण सर्वांत आधी, 2011 च्या टुंड्रासाठी स्वीकारले, आणि तिची जाहीर क्षमता कागदावर शेकडो पौंडांनी घटली. गाडी तीच होती, मोजमाप तेवढे प्रामाणिक झाले. फोर्ड, जनरल मोटर्स (शेव्हरोले आणि जीएमसी) आणि रॅम या डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांनी हेच प्रमाण सरसकट मान्य करायला 2015 च्या आसपासचा काळ उजाडला. मधल्या वर्षांत टुंड्राचा खरा आकडा इतरांच्या फुगवलेल्या आकड्यांशेजारी छापला जात होता. तुलनेतला अन्याय म्हणतात तो हा, आणि चाहत्यांच्या भांडणात याच्याविषयी फारसे कोणी बोलत नव्हते.

समान मोजपट्टीचे मोल आपल्यालाही ठाऊक आहे. पुण्याच्या एआरएआयने प्रमाणित केलेला मायलेजचा आकडा रस्त्यावर मिळत नाही हे गाडी घेणारा प्रत्येक जण जाणतो. तरी तो आकडा कामाचा ठरतो, कारण सगळ्या गाड्या त्याच पट्टीने मोजलेल्या असतात.

पण पट्टी समान असली तरी ती कुठे लावली याने निकाल बदलतो. कोलोरॅडोत आय-70 महामार्गावर डिलनहून आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा आठ मैलांचा, सात टक्क्यांचा चढ ट्रेलरच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. बोगदा 11,158 फुटांवर, कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर. तिथे हवा विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्याशी पोचेपर्यंत 355 हॉर्सपॉवरचे व्ही-8 जेमतेम अडीचशेवर आलेले असते. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे फोर्डच्या व्ही-6 ची बहुतांश ताकद शाबूत राहते. व्ही-8 चे चाहते म्हणतात, हा चढ टर्बोच्या सोयीचा आहे. खरे आहे. डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या माणसासाठी मात्र ही चाचणी पूर्ण रास्त आहे, कारण त्याला ट्रेलर घेऊन हाच चढ चढायचा असतो. ह्यूस्टनच्या सपाट प्रदेशात, समुद्रसपाटीला राहणाऱ्याला या निकालाचा उपयोग थोडाच. म्हणून चाचणी पक्षपाती आहे का, या प्रश्नाआधी ती कोणाच्या कामाची आहे हे विचारले पाहिजे. 'हा निकाल डोंगरात राहणाऱ्यांसाठी' असे मथळ्यातच लिहायला मासिकांना कोणी अडवलेले नाही, पण मथळ्यात 'सर्वोत्तम ट्रक' छापले जाते.

प्रश्न निवडण्यातच किती ताकद असते हे 2016 च्या शेव्हरोलेच्या जाहिरातीने दाखवले. फोर्डने 2015 च्या एफ-150 पासून ॲल्युमिनियमची बॉडी आणली होती. शेव्हरोलेने आपली पोलादी सिल्व्हेराडो आणि एफ-150 अशा दोन्ही गाड्यांच्या मागच्या हौद्यात वरून काँक्रीटचे ठोकळे ओतले. पोलादाला पोचे आले, ॲल्युमिनियमला भोके पडली. दिसले ते खोटे नव्हते. पण ॲल्युमिनियम गंजत नाही, वजन वाचवते आणि त्या वाचलेल्या वजनाचा माल वाढवता येतो, हे दाखवणारी परीक्षा तिथे असणार नव्हती.

टिकाऊपणाची गोष्ट याहून गंभीर आहे. टुंड्राची दुसरी पिढी 2007 पासून 2021 पर्यंत जवळपास तशीच विकली गेली. अखेरच्या वर्षांत पेट्रोल खाते, आतून जुनाट वाटते, म्हणून ती तुलनांमध्ये मागे पडे. तिचे मालक मात्र तिच्या दीर्घायुष्यावर खूष असत. 2022 मध्ये नवे टर्बो व्ही-6 आले, वाखाणलेही गेले, आणि 2024 मध्ये इंजिनात राहिलेल्या धातूच्या किसामुळे सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जनरल मोटर्सच्या 6.2 लिटरच्या व्ही-8 लाही तुलनांमध्ये दाद मिळे. 2025 मध्ये त्याच्या सुमारे सहा लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला. आठवडाभराच्या चाचणीतून यातले काहीच कळणे शक्य नव्हते. त्यासाठी परीक्षकाला दोष देता येत नाही, पण आठवडाभराच्या अनुभवावर दहा वर्षांच्या खरेदीचा कौल देण्याबद्दल जरूर देता येतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था ओळख न सांगता डीलरकडून गाड्या विकत घेते आणि हजारो मालकांकडून बिघाडांची माहिती गोळा करते. महागडी, संथ पद्धत आहे. माझ्या मते तीच खरी.

आता या वादात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा पिकअपच्या चालकाच्या दाराजवळ, खांबावर, एक लेबल असते. प्रवासी आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नये, असे त्यावर लिहिलेले असते, आणि तो आकडा त्या एकाच गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाके, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या घेतल्या की तो घटतो. समजा, लेबलवर 1,400 पौंड आहेत. चार प्रौढ माणसे बसली की 700 गेले. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीवरच येतो. बारा टक्के धरले, तर उरलेल्या 700 पौंडांत जेमतेम 5,800 पौंडांचा ट्रेलर बसतो, हौद्यात एक पिशवीही न ठेवता. जाहिरातीत मात्र त्याच मॉडेलची क्षमता 11,000 पौंड असू शकते. जे-2807 मध्येही गाडीत चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी 150 पौंडांचे, एवढेच धरलेले आहे. चाचणीला येणाऱ्या गाड्या बहुधा सगळ्या सोयींनी सजलेल्या, म्हणजे ज्यांच्या लेबलवरचा आकडा सर्वांत लहान अशाच असतात.

फोर्ड जिंकली की शेव्हरोले, याने कंपन्यांचा ताळेबंद थोडाफार हलेल. पण आपला ट्रेलर पेलेल असे समजून सत्तर हजार डॉलर मोजणारे कुटुंब उतारावर ब्रेक दाबते तेव्हा त्याची सुरक्षितता त्या लेबलवर अवलंबून असते. तुलना करणाऱ्या संपादकांकडे म्हणून एवढेच मागणे आहे. गाडी कोणी दिली, एक्सल रेशो कोणता, चाचणी किती उंचीवर झाली हे निकालाच्या आधी छापा, आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीत प्रत्येक गाडीच्या लेबलवरचा आकडा द्या. आणि गिऱ्हाइकाने शोरूममध्ये किंमत विचारण्याआधी चालकाचे दार उघडून तो स्वतः वाचावा.