ताट सरकवणाऱ्यांना

वह्या मिटा. आज फळ्यावर काही लिहायचं नाही, तेव्हा मान खाली घालून उतरवून घेण्याचं सोंगही नको. खिडकीजवळच्यांनो, शेतात काय चाललंय ते नंतर बघा. इकडे बघा.

काल संध्याकाळी तुमच्या वर्गातल्या त्या मुलीचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. ट्रंक मागे ठेवली आहे, एवढाच मला आधार. का नेलं ते मला विचारू नका, तुम्हाला ठाऊक आहे. परवा रात्री ती पंगतीत बसली आणि तिच्या दोन्ही बाजूंची ताटं वीतभर सरकली. तेव्हा कुणी तोंडाने काही बोललं नाही. बोललात ते नंतर, नळावर. "हिचं रक्त नासलंय." "त्यांच्यातच असतं ते." यापुढचं मी माझ्या तोंडाने उच्चारणार नाही.

माझी चूक आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला तिच्याआड लपता येणार नाही. तिच्या रक्ततपासणीचा कागद मी टेबलावर उघडा ठेवून हजेरीला गेले. तो कागद तिचा आणि तिच्या आईवडिलांचा होता, वाचनालयाचा नव्हे. मुख्याध्यापकांपुढे मी ते कबूल केलंय आणि तिच्या वडिलांपुढेही. आता तुमची पाळी.

हे तुमचे घटक चाचणीचे पेपर. विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा, आनुवंशिकता आणि उत्क्रांती. 'उत्परिवर्तन म्हणजे काय?' जवळजवळ सगळ्या वर्गाने एकच वाक्य लिहिलंय, स्वल्पविरामासकट. मी पूर्ण गुण दिलेत. पुढे 'एक उदाहरण द्या'. तिथे बहुतेकांनी लिहिलंय, सिकलसेल. तेही बरोबर. म्हणजे पेपरात सिकलसेल लिहून गुण घेतलेत आणि त्याच सिकलसेलपायी पंगतीत ताट सरकवलंत. हे पाठांतर पोपटाने केलं असतं तर मी त्याला पेरू दिला असता. तुम्हाला काय द्यावं ते मला सुचत नाही.

त्या वाक्यातला 'अचानक होणारा बदल' म्हणजे नेमकं काय होतं रे? कुणी सांगेल? नाही ना. मग ऐका. आईबापाकडून मूल होताना डीएनएची नक्कल होते. तीनशे कोटी अक्षरांची पोथी, ती उतरवून काढायची. तुम्ही दहा ओळींचं शुद्धलेखन उतरवताना 'भात'चा 'मात' करता, गाठ द्यायला विसरता. शरीर तुमच्यापेक्षा फार नेटकं आहे, तरीही चुकतं. तुमच्यापैकी प्रत्येकात अशी साधारण साठ-सत्तर अक्षरं आहेत जी आईतही नव्हती आणि बापातही नव्हती. प्रत्येकात. त्या मुलीला 'नासलेली' म्हणणाऱ्यातसुद्धा. त्यातल्या बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काही सुधारतही नाही. एखादीच अशी जागा पकडते की अर्थ बदलतो.

सिकलसेलची चूक एका अक्षराची आहे. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते, १४६ अमिनो आम्लांची. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. डीएनएत जीएजी असायचं तिथे जीटीजी. बस. केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅमने अमिनो आम्लाचा हा बदल १९५६-५७ मध्ये शोधून काढला. असं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटतं, त्याच्या काड्या होतात आणि गोल पेशी भात कापायच्या विळ्यासारखी वाकते. चांगली लाल पेशी चार महिने जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडांत अशी कळ उठते की माणूस जमिनीवर लोळतो.

पण हे कुणाला होतं? ज्याला आईकडूनही तेच अक्षर आलं आणि बापाकडूनही, त्याला. एकाकडूनच आलं तर तो वाहक. वाहकाच्या प्रत्येक पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं. तो धावतो, लावणी करतो, माहुलीचा गड चढतो. ती मुलगी कुठल्या रकान्यात आहे हे मी सांगणार नाही, आणि तुम्ही कागदावर जे वाचलंत ते तुम्हाला कळलेलंही नाही. त्या कागदावर एवढंच होतं की थेंबभर रक्त घातल्यावर नळीतलं पाणी गढूळ झालं, पाठीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या. तेवढ्याने वाहक की रुग्ण हे ठरत नाही. त्याला पुढची तपासणी लागते. निकाल यायच्या आधी तुम्ही न्याय करून मोकळे झालात. आणि ताट? ताटातून, पाण्यातून, हात लागून, शेजारी बसून हे कधी कुणाला झालेलं नाही. जन्माला येताना जे मिळालं नाही ते खिचडीतून मिळत नसतं.

आता "त्यांच्यातच असतं ते". कुठल्या जमातीबद्दल हे म्हटलंत ते मी इथे सांगणार नाही, पण म्हणणारा कुठल्या जमातीचा हेही मला माहीत आहे. ऐक. नंदुरबारच्या भिल्ल-पावऱ्यांत आहे, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत आहे, नागपूरकडे जे आदिवासी नाहीत अशा घरांतही आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. आपल्या शहापूर-मुरबाडकडे त्या मानाने कमी, पण आहे, आणि ते पाड्याचं नाव विचारून येत नाही.

मग एवढी घातक चूक टिकली कशी? हा प्रश्न एकानेही विचारला नाही, आणि मला राग त्याचाच जास्त आहे. जे पोर दुबळं करतं, ते कित्येक पिढ्यांत हळूहळू पुसून जायला हवं होतं. गेलं नाही. पेपरात कुणी लिहिलंय, "मलेरियापासून वाचण्यासाठी शरीराने उत्परिवर्तन केले." शरीराने केले! शरीर काय ग्रामसभेत ठराव मांडतं? दुसऱ्याने डासांबद्दल लिहिलंय, "डासांना फवारणीची सवय झाली." शून्य दिलाय मी, आणि अर्धा गुण मागायला येऊ नका.

भाताकडे बघा, मघापासून बघतच होतात. मिसळीच्या बियाण्यात गरवं असतं, निमगरवं असतं, हळव्याची चार रोपंही असतात. पाऊस वेळेआधी उघडला तर काय होतं? हळवं निसवून दाणा धरून मोकळं झालेलं असतं, गरवं उभ्याउभ्या पळिंज होतं. पाऊस गेला म्हणून गरव्याचं हळवं झालं का? एक रोप तरी बदललं का? नाही. हळवी रोपं आधीपासून होती, पावसाने फक्त कोण उरणार ते ठरवलं. पुढच्या वर्षी बियाणं त्याच उरलेल्यांचं. असं पाच-दहा वर्षं झालं की कणगीत हळवंच जास्त दिसतं. रोप बदललं नाही, कणगी बदलली. डासांचंही तेच. फवारणीत मरणारे मेले, आधीपासूनच दाद न देणारे जे थोडे होते त्यांची पिल्लावळ आज तुमच्या खोलीत गुणगुणते आहे. म्हशाच्या जत्रेत तुमचे आजोबा वशिंड बघून, चाल बघून खोंड निवडतात, तिथे निवडणारा माणूस असतो. रानात निवडणारं कुणी नसतं. ताप असतो, दुष्काळ असतो, भूक असते.

सिकलसेलची चूक मलेरियाच्या आधी झाली की नंतर, याने फरक पडत नाही. ती मलेरियासाठी झाली नाही, एवढं पक्कं डोक्यात घाला. झाल्यावर असं दिसलं की ज्या मुलात तिची एकच प्रत आहे ते फाल्सिपेरम मलेरियाच्या जबर तापातून जास्त वेळा वाचतं. परजीवी शिरलेली पेशी वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसकट बाजूला काढते, हे त्यामागचं एक कारण. रक्ताचे काही आजार मलेरियामुळे टिकून राहिले असावेत, असं जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली मांडलं होतं. हेच हाल्डेन पुढे भारतात राहायला आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलसेल आणि मलेरियाचा संबंध ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवून दिला. दोन प्रती असलेली मुलं आजाराने जायची, एकही प्रत नसलेली हिवतापाने जायची, एक प्रत असलेली उरायची. म्हणून ते अक्षर ना पुसलं गेलं, ना सगळीकडे पसरलं, मधेच तोललेलं राहिलं. जिथे मलेरिया नाही तिथे या अक्षराचा फायदाही नाही, नुसतं ओझं.

अजून एक, हे पुस्तकात नाही. सगळंच फायद्यातोट्याने ठरतं असंही नाही. समजा मोठ्या गावातली दहाच घरं धरणापायी उठली आणि दुसरीकडे जाऊन वसली. भातसा, बारवी, तुम्हाला काय सांगायचं. त्या दहा घरांत जी अक्षरं योगायोगाने होती तीच पुढच्या अख्ख्या वस्तीत दिसणार. एखादं अक्षर जास्त, एखादं गायब. यात ना कुणाचं पुण्य, ना पाप.

आणि मुलग्यांनो, तुम्ही जास्त हसत होतात. १९८४ साली जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराचा एक नवा दोष एका कोळी कुटुंबात सापडला. लाल पेशीला जपणारं हे विकर. त्या प्रकाराला नाव मिळालं 'कल्याण'. केरळात सापडलेला एक प्रकारही हाच असल्याचं पुढे कळलं, म्हणून आता त्याला 'केरळ-कल्याण' म्हणतात. मुरबाडची एसटी जिथे थांबते ते कल्याण. या दोषाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींना दोन एक्स, एक बिघडला तर दुसरा बराच सावरून घेतो. तुम्हाला एकच. बिघडला की बिघडला. आणि मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं तर अशा मुलाच्या लाल पेशी भराभर फुटू शकतात. आता नासलेलं कोण? आता का हसत नाही?

मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा रक्तगट सापडला की ओ गटाचं रक्तसुद्धा त्याला चालेना. त्याला कुणी नासका गट म्हटलं नाही. 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात, जगभरच्या पुस्तकांत छापतात. शहरात सापडलं की नाव, पाड्यात सापडलं की शिवी.

चार वर्षं झाली असतील नसतील, गावाकडचा एक माणूस माझ्याकडे आला होता. मूल सिकलसेलचं निघालं म्हणून सुनेला माहेरी धाडून मोकळा झालेला. म्हणे तिच्या माहेरचं रक्त. मी त्याला याच फळ्यावर आईबापाच्या प्रतींची चौकट काढून दाखवली. मूल आजारी असेल तर एक प्रत तुझ्या मुलाकडूनच आली आहे, दुसरा रस्ताच नाही. तो चौकटीकडे बघत बसला. तुम्हीही तीच चौकट काढता, सुबक, पट्टीने, आणि खाली चारास एक असं लिहिता. मग तोंडी विचारलं की सांगता, "तीन पोरं चांगली झाली की चौथं आजारी." चुकलं! दर खेपेला नव्याने चारास एक. पहिलंच आजारी निघेल, चारही धडधाकट निघतील. नाणं मागचं लक्षात ठेवत नाही. दोघंही वाहक असतील तर लग्नाआधी, मूल होण्याआधी ठाऊक असावं, डॉक्टरांशी बोलता यावं, एवढ्यासाठी ती तपासणी. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून देशभराची सिकलसेल मोहीम सुरू झाली, चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं ठरवून. पोरींना ताटावरून उठवण्यासाठी नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक मुलगा पीटीच्या तासाला पाय दुखतात म्हणून बसून राहायचा. कामचुकार म्हणायचे मी त्याला. एका थंडीच्या सकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. रात्री तो ओरडत उठला आणि जीपमधून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. निदान महिन्यांनी झालं. दोन्ही प्रती. तोवर घरच्यांनी दोन भगत केले होते, आणि बीएस्सी झालेल्या मी तीन फेऱ्या. आज तो हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतो, भरपूर पाणी पितो, थंडी सांभाळतो, काम करतो. बाजारात दिसला की वाकून नमस्कार करतो. मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहते.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही त्याचे गुण घेतलेत.

आता शेवटच्या बाकावरचा, उभा राहा. नळावर सगळ्यात मोठ्याने कोण बोललं ते मला कळलंय. तपासणीचं पथक आलं त्या दिवशी तू बोट दिलं नाहीस, संडासामागे लपलास. सुईला भ्यालास. तुझ्या रक्तात काय आहे ते तुलाच माहीत नाही आणि दुसरीच्या रक्ताचा पंचनामा करतोस? बुधवारी माझ्याबरोबर उपकेंद्रात यायचं. निकाल काय आला ते मी कुणाला सांगणार नाही, टेबलावर ठेवणार नाही. बस.

बाकीच्यांनी ऐका. परवापासून गौरी-गणपतीची सुट्टी. घरी गेलात की आजीजवळ बसा आणि विचारा, तिची किती भावंडं, किती मुलं हिवतापात गेली. नीट विचारा, ती पटकन सांगणार नाही. वहीत फक्त आकडा लिहून आणायचा, नावं नकोत. आणि त्या मुलीच्या पाड्यावरून दोघी जणी जाता ना? तिची वही घेऊन जा, राहिलेला धडा उतरवून द्या. स्वतःच्या अक्षरात, गाठी देऊन.