तारेतला करंट

चना उगवून वर आला, तूर शेंगांवर आली की आमच्या वर्धेकडच्या वावरांत रात्रीची जागल सुरू होते. डुकरांचा एक कळप रातोरात एकरभर चना उलथून टाकतो, रोही उभी तूर ओरबाडतात. थंडीच्या किती रात्री माणूस जागणार? मग कुणीतरी धुऱ्याभोवती तार ओढतो, खांबावर आकडा टाकतो आणि तारेत करंट सोडतो. हा गुन्हा आहे, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून पहाटे तोंडही न धुता तो आधी वावरात जाऊन आकडा काढतो. एखाद्या पहाटे डोळा लागतो, आणि नेमका त्याच दिवशी शेजारचा सालदार ओलितासाठी लवकर निघालेला असतो.

अशी बातमी दर हंगामात कुठून तरी येतेच. 'मी डुकरांसाठी लावला होता जी,' असं तो शेतकरी ठाण्यात सांगतो. खोटं बोलत नाही तो. त्याला कुणाचाच जीव घ्यायचा नव्हता. पण तारेला डुक्कर कोण अन् माणूस कोण, हे कळत नाही, एवढं तर त्याला रात्री आकडा टाकतानाही माहीत होतं.

राष्ट्रांनी अण्वस्त्रं बाळगावीत की नाही, हा वाद निघाला की मला ही तार आठवते. बाळगणारा प्रत्येक जण हेच सांगतो की, ही शस्त्रं वापरायला नाहीत, धाकासाठी आहेत. आज जगात अशी नऊ राष्ट्रं आहेत आणि सगळ्यांची मिळून सुमारे बारा हजार शस्त्रं. त्यांत आपणही आहोत. 11 मे 1998 ला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोखरणला स्फोट झाले तेव्हा आमच्या चौकात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. गोड लागला होता, खोटं कशाला बोलू? चीनने 1964 मध्येच चाचणी केली होती, पाकिस्तानची तयारी लपून राहिलेली नव्हती. शेजाऱ्याच्या तारेत करंट असताना आपलीच तार कोरडी का ठेवायची, हा प्रश्न खुळा नाही. जे त्याला नुसतं हसतात, त्यांनी सरहद्दीलगतच्या एखाद्या गावात चार रात्री काढून पाहाव्यात.

शिवाय आपण पहिला वार करणार नाही, असं भारताने जाहीर केलं आहे. 2003 मध्ये ते धोरण कागदावर आलं, तेव्हा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अपवाद करण्याची मुभा मात्र राखून ठेवली. हा संयम मी कमी लेखत नाही. पण पहिला नाही म्हणजे दुसरा आहेच. तो दुसरा ज्या शहरावर पडेल, तिथल्या शाळकरी पोरांनी पहिला टाकलेला नसेल. तरीही त्यांना जाळायची तयारी आज, आत्ता, शांततेच्या काळातही ठेवावी लागते. तशी ठेवली नाही तर धाकच उरत नाही. वापर टळला तरी ही तयारी रोजची असते, आणि माझं अडतं ते इथेच. शेतकरी निदान पहाटे आकडा काढतो. या तारेला पहाट नाही.

शस्त्र नुसतं ठेवलेलं असलं म्हणजे निरुपद्रवी असतं, हा समज तर आमच्या जिल्ह्याने कधीच सोडायला हवा होता. पुलगावचा डेपो हे देशातल्या मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि सोळाहून अधिक माणसं गेली. पुढे 20 नोव्हेंबर 2018 ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले, बहुतेक मजुरीला आलेले. शत्रू कुठेच नव्हता. आणि हा तर साधा दारूगोळा.

पुलगावच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार आहेत, आणि बॉम्बच्या बाबतीत गांधीजी आणि विनोबांचा सूर एक नव्हता. विनोबा म्हणत की, मला ॲटमची भीती वाटत नाही, लहान शस्त्रांची वाटते. अतिभयंकर शस्त्र माणसाला अहिंसेच्या दाराशी आणून उभं करतं, लाठी आणि बंदूक मात्र हिंसा घरात नांदती ठेवतात, असा त्यांचा हिशेब. विनोबांवर कितीही जीव असला तरी मला हा हिशेब पटत नाही. गांधीजींनी जुलै 1946 च्या 'हरिजन'मध्ये जणू त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. बॉम्बच्या धास्तीने शांतता येईल, असं त्यांना काही अमेरिकी मित्रांनी सुचवलं होतं. त्यावर त्यांनी लिहिलं ते असं, की गोडधोड खाऊन मळमळलेला माणूस थोडा वेळ ताट सरकवतो खरा, पण मळमळ ओसरली की दुप्पट हावरेपणाने त्यावर तुटून पडतो. 1998 च्या पेढ्यानंतर हे वाचताना मी ओशाळलो होतो.

सेवाग्रामची पहाटेची प्रार्थना ज्यांनी ऐकली असेल त्यांना आठवेल, सुरुवातीची ओळ आपल्या कुठल्याच भाषेतली नाही. जपानी भिक्षू फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. हिरोशिमानंतर त्यांनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचं काम हाती घेतलं, आणि त्यांच्या संघाचा स्तूप 1993 पासून वर्ध्यात गीताई मंदिराशेजारी उभा आहे. याच संघाचा केशव नावाचा साधू आधी मगनवाडीत, मग सेवाग्रामला राहत असे. भल्या पहाटे ढोल वाजवत, मंत्र म्हणत तो आश्रमाभोवती फिरायचा. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि केशव एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा माणूस झाला. पोलीस त्याला घेऊन गेले. त्याचा मंत्र गांधीजींनी आश्रमाच्या प्रार्थनेत सर्वांत आधी घेतला. तिथली प्रार्थना आजही त्या जपानी ओळीनेच सुरू होते.