कचऱ्याच्या हाती चेंडू देणारा

'लगान' 2001 सालचा. मी तो लहानपणी शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिला. कचऱ्याला संघात घेतो म्हणल्यावर गाव बिथरतं आणि भुवन गावाशी भांडतो. कचरा स्वतः फारसं बोलत नाही, त्याचा गुण म्हणजे त्याचं व्यंगच, हे पुढं कळलं. पण त्या वयात आपला माणूस चेंडू टाकताना दिसला आणि आशुतोष गोवारीकर आपला वाटला.

त्यानं 'पानिपत' काढला. 6 डिसेंबर 2019 ला लागला. आपली माणसं त्या दिवशी चैत्यभूमीवर होती. मी पगार झाल्यावर, रात्रपाळी करून, तसाच थेटरात गेलो.

गिरणीत मी ब्लोरूमला कापसाच्या गाठी फोडतो. सुताच्या लेबलावर माझं नाव नसतं. म्हणून नजर हातांकडं जाते. पडद्यावर भाऊ, पार्वतीबाई, अब्दाली. कॅमेरा फिरून फिरून त्यांच्याच तोंडावर. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर बुणगे होते, यात्रेकरू होते, बायापोरं होती. रसद तुटली, उपासमार झाली. वैरण-सरपणाला छावणीबाहेर गेलेले कापले गेले. ते कोण होते? इब्राहिमखान गारदी तरी दिसला. तोफेच्या बैलाला चारा घालणारा मला आठवत नाही.

राजस्थानात सुरजमल राजाच्या चित्रणावरून जाटांनी निषेध केला, सिनेमाला कात्री लागली. त्यांचा राजा पडद्यावर होता म्हणून कापायला तरी सांगता आलं. आम्ही काय कापायला सांगायचं?

आता खरी अडचण. पेशवाईनं आम्हाला कसं वागवलं ते ठाऊक असून तिच्या लष्करात मी बापजाद्याला जागा का मागतो? आणि त्यानं दाखवला असता तर कसा? धन्यासाठी मरणारा इमानी नोकर? तेव्हाही मी चिडलोच असतो. च्यायला, मग मला हवंय काय? दोन रात्री मशीनपाशी हाच घोळ. मला त्यांची शाबासकी नको. मेलेल्यांत मोजा, एवढंच मागणं. मोजणं म्हणजे मानाचा विडा नव्हे.

पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला. आमची 14 जानेवारी 1994 ची. त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. ठराव 1978 चा. मधली सोळा वर्षं घरं जळाली, पोचिराम कांबळे मारले गेले. दर साली गेटवर जातो, तिथं मेलेल्यांची नावं घेतात. त्या सवयीनंच थेटरात बसलो होतो बहुतेक.

तरी माणूस मनातून जात नाही. त्याचा पुढचा सिनेमा लागला की पाळी बदलून जाईन, आणि नायकाच्या मागं उभ्या असलेल्यांकडंच बघत बसेन.